अधिक चांगला उपाय सापडल्यास घ्यावयाची काळजी

कार्यालयातील एखाद्या तांत्रिक अडचणीवर आपल्याला अधिक चांगला उपाय सुचला आहे, अशी शंका येताच त्याची वाच्यता करू नये. चालू असलेला उपाय हा नुसता उपाय नसतो. त्याच्या जोरावर कोणाला तरी बढती मिळालेली असते, कोणाची तरी रात्रपाळी टिकून असते आणि त्याची कार्यपद्धती सविस्तर लिहून, मंजूर करून ठेवलेली असते.

सर्व्हर अधूनमधून अडकतो, म्हणून तो रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट केला जातो, ही सर्वमान्य व्यवस्था घ्या. यात बिघडले काहीच नाही. परंतु आपण उगाच लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, चाळत बसलात आणि आपल्याला असे दिसले की, मध्येच एरर आली की कोड तेथूनच बाहेर पडतो, डेटाबेसचे, म्हणजे माहितीच्या साठ्याशी जोडलेले, कनेक्शन बंद करणाऱ्या ओळीपर्यंत तो पोहोचतच नाही आणि अशी उघडी राहिलेली कनेक्शन साचत जाऊन मर्यादा संपली की पुढची प्रत्येक रिक्वेस्ट ताटकळत राहते, तर आपली पंचाईत झाली असे समजावे. ती ओळ ‘फायनली’ या, एरर आली तरी चालणाऱ्या, भागात हलवली की काम भागते. पण याच दुखण्यावर वरिष्ठांनी आधी मेमरी दुप्पट करून घेतली, मग कनेक्शनची मर्यादा वाढवून घेतली. मर्यादा वाढवल्याने सर्व्हर थोडा उशिरा अडकू लागला, आणि त्यालाच अहवालात ‘लक्षणीय सुधारणा’ म्हटले गेले. एवढ्या पराक्रमानंतर एका ओळीचा उपाय सुचवणे हा निव्वळ उद्धटपणा होय.

रीस्टार्टला कोणी नावे ठेवलीच, तर बोइंग ७८७ चा दाखला द्यावा. या विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनरेटरची नियंत्रक यंत्रे एकदमच काम थांबवू शकतात, हे आढळल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये तो ठरावीक मुदतीत बंद करून पुन्हा चालू करण्याचाच आदेश काढला होता. तेथे सॉफ्टवेअरमधला गणक भरून जातो हे मूळ कारण आधी शोधलेले होते आणि तो आदेश तात्पुरता होता, हा तपशील मात्र बैठकीत काढू नये, बैठका लांबतात.

इतके करूनही राहवत नसेल, तर ती ओळ पुढच्या एखाद्या किरकोळ बदलाबरोबर, रीतसर तपासणी करून, बिनबोभाट पाठवून द्यावी आणि पहाटेच्या रीस्टार्टला हात लावू नये. सर्व्हर अडकेनासा झाला की त्याचे सारे श्रेय रीस्टार्टलाच मिळेल आणि तो दिवसातून दोनदा करावा असा प्रस्ताव येईल. त्याला पहिले अनुमोदन आपणच द्यावे.