वीस ज्यूलचा शिकारी

छर्ऱ्याची बंदूक कोणती घ्यावी, हे विदर्भातल्या कुठल्याही गावात पानठेल्यावर फुकटात कळतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईस्तोवर स्प्रिंग, दुर्बीण, पल्ला सगळ्याचा निकाल लागलेला असतो. निकाल नेहमी एकच: ‘‘भाऊ, अशी घे का रोही जाग्यावरच बसला पाह्यजे.’’

दोनशे किलोंचा रोही, म्हणजे नीलगाय, जागेवर बसवायचा तर त्याला आधी खुर्ची द्यावी लागेल. बंदुकीचं ते काम नाही. शस्त्र नियम 2016 नं बिनापरवाना एअर रायफलीला, म्हणजे याच छर्ऱ्याच्या बंदुकीला, दोन कुंपणं घातली आहेत. नळीचा व्यास 0.177 इंचाच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या वर नको आणि छर्रा नळीबाहेर पडताना त्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर नको. अडत्याच्या काट्यावरचं दोन किलोचं माप मीटरभर उंचीवरून पायावर पडलं की जेवढं लागतं, तेवढे हे 20 ज्यूल. अंगठा सुजेल, रोही बसणार नाही. रानडुकराचं तर विचारूच नका. नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढालच असते. छर्ऱ्यानं ते मरत नाही, फक्त कोणी मारला हे बघायला वळतं.

हे पटलं की जाणकार दुसऱ्या बाजूनं येतात. ‘‘मारू नको गा, नुसता चटका दे.’’ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये चटक्याची सोय नाही. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जखमी करणं येतं, सापळा लावणं येतं, हाकारा करणं येतं, अंडी फोडणं येतं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी तो येतो. ससा, तितर, रोही, डुक्कर, काळतोंड्या वानर, सगळे यादीत आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 2022 च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या मोरावर चालवली तर कैद किमान तीन वर्षं. डुकराचा बंदोबस्त वनखात्याच्या रीतसर परवानगीनं होतो आणि तेव्हाही ही बंदूक कोणी जवळ बाळगत नाही. वानराच्या बाबतीत कायद्याशिवाय मारुतीचं देऊळही आडवं येतं. ज्या काकानं संत्र्याच्या बागेत ‘हाण त्याले’ म्हटलं, तोच शनिवारी नारळ फोडताना ‘पाप केलं गा पोरानं’ म्हणतो.

एअर रायफलीनं शिकार जिथं कायद्यात बसते तिथं लोक काय करतात, हे मात्र पाहण्यासारखं आहे. इंग्लंडात बिनापरवाना मर्यादा आपल्याहून कमी, 12 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 16 ज्यूल. तेवढ्यावर ते ससे, कबुतरं, उंदीर टिपतात. डुकराचं नावही काढत नाहीत. त्यांचा नियम सोपा आणि जीवघेणा आहे. कागदावर 25 मिलिमीटरचं वर्तुळ काढायचं. ज्या अंतरावरून प्रत्येक छर्रा त्याच्या आत पडतो, तेवढाच आपला पल्ला. दहातला एक बाहेर गेला की पाच पावलं पुढं या. हा नियम आपल्या धुऱ्यावर लावला तर निम्मे शिकारी वर्तुळाला हात लावण्याइतके जवळ येतील.

म्हणून बंदूक घ्यायची ती डब्यांवर, सुपारीवर आणि कागदावर नेम धरायला. यात कमीपणा काही नाही. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्णपदक आणलं ते याच साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यावर, 10 मीटरवरून. त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गावात हे सांगून पाहा, ‘‘दहाच मीटर?’’ एवढंच ऐकू येतं.

आता निवड. खोक्यावर ‘1200 फूट प्रति सेकंद’ छापलेलं असेल तर खोकं खाली ठेवा. तो आकडा हलक्याफुलक्या मिश्रधातूचा छर्रा घालून काढलेला असतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1130 फूट. त्याच्या आसपास गेला की छर्रा डगमगतो आणि वरून फटाक्यासारखा आवाज होतो. साधारण 8.4 ग्रेनचा, म्हणजे 0.55 ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला 250 मीटरनं गेला की 17 ज्यूल भरतात. एवढं भरपूर आहे. वेग विकत घेणारा माणूस आणि नेम विकत घेणारा माणूस दुकानात एकाच काउंटरवर उभे असतात. दुकानदाराला पहिला जास्त आवडतो.

पहिली बंदूक स्प्रिंगचीच असावी असं माझं ठाम मत आहे. 200 बार दाबाची टाकीवाली पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक, नेमाला लोण्यासारखी चालते, हे कबूल. पण ती टाकी हातपंपानं भरायची असते. शेवटच्या 50 बारला पंपाच्या दांड्यावर सगळं अंग टाकावं लागतं आणि मे महिन्यातल्या अकोल्यात हा व्यायाम कोणी स्वखुशीनं करत नाही. घाईघाईनं भरली तर पंप तापतो, ओल आत जाते, सील जातात. भरलेली टाकी उन्हात गाडीत ठेवली तर आतला दाब आणखी चढतो. स्प्रिंगला असलं काही लागत नाही. नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायची की आतली स्प्रिंग दबते, छर्रा घालायचा, नळी लावायची. मोडायला पंधरा-वीस किलोंचा जोर लागतो, म्हणून दुकानात एकदा नव्हे, लागोपाठ दहादा मोडून पाहा. दहाव्यांदा हात थरथरला तर ती बंदूक आपली नाही, मग ती डायना असो की वाइहराउख, या नावाजलेल्या जर्मन कंपन्यांची. नळी न मोडता खालच्या दांड्यानं भरायची बंदूक जास्त जड, पण नळी जागची हलत नसल्यानं नेमाला भरवशाची. दुकानातच नळी धरून डावी-उजवी हलवा. बिजागरीत किंचित जरी खेळ जाणवला तरी परत करा. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, त्यातला दुसरा टप्पा बोटाला स्पष्ट लागला पाहिजे.

स्प्रिंगच्या बंदुकीची एक खोड आहे, ती कळली नाही तर माणूस उगाच छर्ऱ्यांना शिव्या देतो. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढं धावतो आणि बंदूक मागं येते. पिस्टन हवेच्या गादीवर अडला की बंदूक पुढं हिसका देते. छर्रा नळीतून निघेस्तोवर हा बराचसा गोंधळ उरकलेला असतो. म्हणून ती पहिलवानासारखी आवळून धरायची नाही. डावा तळवा उघडा, त्यावर बंदूक नुसती टेकलेली, खांद्याला हलकी. पुढच्या हिसक्यामुळेच साधी दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होते. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेलीच घ्यावी आणि तिच्या कड्यामागं अडसर लावावा, नाहीतर दुर्बीण हळूहळू मागं सरकत भुवईला भेटते. लाकडी दस्त्याचे स्क्रूही ढिले होतात. नेम अचानक बिघडला की आधी स्क्रू पाहा, मग दुर्बीण, मग स्वतःकडे. गावात हा क्रम उलटा असतो. आधी नजर लागल्याचा संशय, मग लिंबू.

छर्रे दोन-तीन जातींचे आणून पाहावे लागतात. चपट्या तोंडाचा कागदाला गोल भोक पाडतो, गोल डोक्याचा लांबवर सरळ जातो, टोकदार दिसायला भयानक आणि बहुधा नेमाला वाईट. खिरापतीसारखा लोकप्रिय मात्र टोकदारच. डोक्याचा व्यास 4.50, 4.51, 4.52 असा निघतो आणि तुमच्या नळीला कोणता मानवेल हे कंपनीलाही ठाऊक नसतं. पाच-पाच छर्ऱ्यांचे गट कागदावर मारूनच ठरतं. नळीच्या रेषेपासून 25 मीटरवर छर्रा पाच-सहा सेंटिमीटर खाली येतो, 50 वर साधारण वीतभर. म्हणून 25 ला दुर्बीण जुळवायची आणि पुढचं सोडून द्यायचं.

आता खरा छळ, म्हणजे पाहुणे. बंदूक घरी आली की सोयरे येतात. जावई भिंतीवरून बंदूक काढतात, छर्रा न घालता नळी मोडतात आणि ‘फट्’ करून पाहतात. छर्रा नसला की पिस्टनपुढं हवेची गादीच तयार होत नाही, तो थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. सील फाटतो, स्प्रिंग मोडते. जावयाला हे सांगणारा सासरा अजून जन्माला यायचा आहे. दुसरे नळी मोडलेली ठेवून ट्रिगरला बोट लावतात. नळी उसळून बंद होते, मध्ये बोट असलं तर बोट, नसलं तर नळीच वाकते. छर्रा घालून होईस्तोवर दुसऱ्या हातानं नळी धरून ठेवणं हा यावरचा उपाय आहे. तिसरे ‘रातच्याले तयार असलेली बरी’ म्हणून बंदूक ताणून जागलीच्या मचाणावर नेतात. रात्रभर दबून स्प्रिंग आपली ताकद सोडते आणि अंधारात पहिला सावज बहुधा पंपावर निघालेला शेजारी असतो. छर्रा तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि डोळ्याला तो कुठल्याही अंतरावर जड जातो. निशाण्यामागं मातीचा ढीग किंवा वाळूचं पोतं हवंच. दगड, नांगराचा फाळ, टिनाचा पत्रा नको, तिथून छर्रा मालकाकडं परत येतो.

चौथे तेल घालणारे. यांना मी सगळ्यात घाबरतो. बंदूक जरा कुरकुरली की हे खोबरेल घेऊन येतात, नाहीतर ट्रॅक्टरचं ग्रीस. सिलिंडरमध्ये दाबानं हवा इतकी तापते की ते तेल डिझेल इंजिनातल्यासारखं पेट घेतं. नळीतून धूर निघतो, आवाज दणदणीत होतो, आणि जमलेली मंडळी ‘आता हाये दम’ म्हणून टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबेस्तोवर सील जळालेला असतो. नवी बंदूक सुरुवातीला थोडी धुरते, ते चालतं. पुढं सीलला सिलिकॉन तेलाचा थेंब, तोही क्वचित. स्प्रिंगला मोलिब्डेनमचं ग्रीस. पावसाळ्यात नळीवरून बाहेरून तेलाचं फडकं. संपलं. खोबरेल डोक्याला लावावं.

छर्रे पाचशेच्या डब्यात येतात आणि शिशाचे असतात. भराभर घालता यावेत म्हणून ते तोंडात धरायची खोड पुष्कळांना असते. शिसं पोटात जातं, तेव्हा तोंडात धरू नयेत आणि नेमबाजी झाल्यावर साबणानं हात धुवावेत. हे सांगितलं की समोरचा अदबीनं मान हलवतो, त्याच हातानं खर्ऱ्याची पुडी सोडतो आणि विचारतो, ‘‘पण भाऊ, पोटात गेल्यानं होते काय?’’