केसपेपरवरची वेळ

नांदेडला फोन लावला की दवाखान्यांवरून वाद ठरलेला. मामा म्हणणार, "तुमच्याकडे बरं आहे बाई, चार तासांत पेशंट मार्गी लागतो. असा नियम आपल्याकडे का करत नाहीत?" तेवढ्यात मागून मामेभावाचा आवाज येणार. तो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर आहे. "आधी खाटा द्या, माणसं द्या, मग घड्याळं लावा!" इंग्लंडचं उदाहरण दोघेही देतात, एक कौतुकाने आणि दुसरा वैतागून. मला दोघांचंही पटत नाही. मी इथे मिडलँड्समधल्या एका रुग्णालयाच्या आकडेवारी विभागात नोकरी करते. इमर्जन्सीत कोण किती वाजता आलं आणि किती वाजता बाहेर पडलं, याच्या याद्या रोज माझ्या टेबलावर असतात. त्यामुळे या वादात तोंड घालायचा थोडा हक्क मी माझ्याकडे घेतला आहे.

मामांच्या चार तासांपासून सुरुवात करते. २००० साली ब्रिटिश सरकारने एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, आराखडा मांडला. इमर्जन्सीत आलेला माणूस चार तासांच्या आत भरती झाला पाहिजे, दुसरीकडे पाठवला गेला पाहिजे नाहीतर घरी सोडला गेला पाहिजे, आणि हे २००४ पर्यंत सर्वांच्या बाबतीत व्हावं, असं त्यात ठरलं. शंभर टक्के शक्य नाही म्हणून पुढे ते ९८ वर आलं आणि २०१० मध्ये ९५ वर. देशभराचा विचार केला तर ते ९५ टक्के शेवटचे गाठले गेले जुलै २०१५ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये आकडा ६५ च्या आसपास घसरला. मग सरकारने पायरी खाली आणली: मार्च २०२४ पर्यंत ७६ टक्के, मार्च २०२५ पर्यंत ७८. यात खरचटलं-मुरगळलं बघणारी छोटी केंद्रंही धरलेली असतात. नुसत्या मोठ्या इमर्जन्सी विभागांचा आकडा काढला तर तो आणखी खाली जातो. तेव्हा मामा, चार तास हे मानक आहे, नेमाने मोडलं जाणारं.

म्हणून तो नियम फुकट गेला असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याने खरोखर काम केलं. अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात असं दिसलं की या बंधनामुळे ज्यांची वाट पाहण्याची वेळ बदलली, त्यांची सरासरी वीसेक मिनिटं वाचली आणि तीस दिवसांच्या आत मरण पावणाऱ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण किती वेळाने किती पेशंट बाहेर पडले याचा त्याच काळातला आलेख मांडून पाहिला की हसू येतं. सव्वातीन, साडेतीन तासांपर्यंत रेघ निवांत चालते आणि पावणेचार ते चारच्या मधे एकदम ताडासारखी उभी राहते. त्या पंधरा मिनिटांत एवढ्या लोकांना बरं वाटलेलं नसतं. घड्याळ थांबवायला कुणीतरी धावलेलं असतं. रुग्ण तोच, दुखणं तेच, फक्त शेजारच्या 'निरीक्षण कक्षात' हलवला की हिशेबातून सुटला. काही ठिकाणी तर रुग्णवाहिकाच अंगणात उभ्या ठेवल्या जात, कारण पेशंट दारातून आत आला नाही तोवर वेळ मोजली जात नव्हती. मग नियम आला: रुग्णवाहिका येऊन पंधरा मिनिटं झाली की पेशंट आत असो वा बाहेर, घड्याळ सुरू.

सगळी मेख इथेच आहे. किती तास, यावर आपण भांडतो. घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, हे कुणी विचारत नाही.

बारा तासांचा आकडा घ्या. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत दर महिन्याला 'बारा तासांहून जास्त ताटकळलेले' असा मथळा येतो. सामान्य माणसाला वाटतं, आल्यापासून बारा तास. तसं नव्हतं. घड्याळ सुरू व्हायचं ते डॉक्टरांनी 'याला भरती करायचं' असं ठरवल्यापासून. म्हणजे समजा एक बाई सकाळी दहाला आल्या. दुपारी तीनला डॉक्टरांनी पाहिलं, तपासण्या झाल्या, संध्याकाळी सहाला भरती करायचं ठरलं आणि खाट मिळाली दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. त्यांच्या मुलीने मोजले एकोणीस तास. कागदावर अकरा. बारा तासांच्या यादीत त्या नाहीतच! स्कॉटलंडमध्ये आल्या वेळेपासून मोजत होते, इंग्लंडमध्ये नाही. इमर्जन्सीच्या डॉक्टरांची संघटना, रॉयल कॉलेज, यावर वर्षानुवर्षं ओरडत राहिली. शेवटी फेब्रुवारी २०२३ पासून आल्या क्षणापासूनचा आकडाही छापायला लागले. जुन्या, सोयीच्या मोजणीनेसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये ५४,५३२ आणि जानेवारी २०२५ मध्ये ६१,५२९ लोक बारा तासांपेक्षा जास्त अडकले होते. दारापासूनचा आकडा याच्या कितीतरी पट मोठा.

हा आकड्यांचा खेळ नुसत्या कारकुनीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. इंग्लंडमधल्या लाखो भरती रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. वॉर्डात पोचायला सहा ते आठ तासांहून उशीर झालेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू, असं त्यात निघालं. ट्रॉलीवर पडून राहणं ही गैरसोय असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा ८२ चा आकडा लक्षात ठेवावा.

आता नांदेड.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८. दोन्ही वेळा महाराष्ट्र हादरला. नांदेडला एका खासदाराने अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि ते चित्र घरोघर पोचलं. प्रशासनाचं म्हणणं होतं की रुग्ण फार उशिरा, शेवटच्या अवस्थेत, खाजगीतून इकडे पाठवले गेले. असेलही. माझ्या भावाचंही तेच म्हणणं आहे आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. पण उशिरा म्हणजे किती उशिरा? कुठून निघाले, कुठे थांबले, कुणी किती तास ठेवून घेतलं? यातलं काहीच लोकांसमोर आलं नाही. आपल्याकडे मोजला जातो तो एकच आकडा, मेलेल्यांचा, आणि तोही एकाच दिवसात खूप झाले तरच.

महाराष्ट्रात हे घड्याळ दर दारात नव्याने सुरू होतं. किनवट-माहूरकडचा माणूस आधी जवळच्या डॉक्टरकडे जातो, मग ग्रामीण रुग्णालयात, मग उपजिल्हा, मग नांदेड, आणि कधी कधी तिथूनही पुढे हैदराबादच्या रस्त्याला लागतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी वेळ. प्रत्येक डॉक्टर शपथेवर सांगू शकतो, 'आमच्याकडे आल्यावर वीस मिनिटांत पाहिलं आणि रेफर केलं.' तो खरंच बोलत असतो. सगळे खरं बोलतात आणि पेशंटचे चौदा तास कुणाच्याच वहीत सापडत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हकीम शेखच्या प्रकरणात नेमकी हीच साखळी समोर मांडली होती. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेला तो माणूस एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरत राहिला. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. अखेर खाजगीत उपचार झाले. वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल वाचला की कोणत्या दारावरून कुठे गेला ते कळतं. आपल्या नोंदवह्या वाचून आजही कळत नाही.

आणि गंमत म्हणजे कागद सगळे आहेत. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, हे तिथे नोंदवलं जातं. रेफर चिठ्ठी असते. केसपेपर असतो. पोलिस केस, म्हणजे एमएलसी, असेल तर भाऊ स्वतःच सांगतो, "एमएलसी आम्ही मिनिटासकट लिहितो, उद्या कोर्टात उभं राहावं लागतं." म्हणजे वेळ लिहायला हात रिकामे नसतात हे काही खरं नाही. पोलिसांसाठी लिहितो, पेशंटसाठी लिहीत नाही, एवढंच. हे तुकडे एकमेकांना जोडणारा एक क्रमांक नाही. तो पहिल्या दारात दिला आणि शेवटच्या दारापर्यंत तोच चालवला तर निम्मं काम झालं.

मामांच्या बाजूला एक वेगळीच अडचण आहे आणि ती त्यांना आवडणार नाही. शेजारच्या काकांच्या छातीत दुखलं तेव्हा मामांनी आमदाराच्या पीएला फोन लावला आणि काकांना पुढे घातलं. अजून अभिमानाने सांगतात. काकांची निकड खरी होती, पण मागे सरकलेल्या माणसाची किती होती हे मामांना ठाऊक नाही. मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या पद्धतीत आल्या आल्या परिचारिका रंग ठरवते: लाल म्हणजे तत्क्षणी, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. आपल्याकडे याच्याशिवाय एक अदृश्य रंग आहे, ओळखीचा. प्रत्येकाची वेळ आणि निकड शेजारीशेजारी छापली तर तो रंग दिसायला लागेल. मोजणीला आपल्याकडे होणारा विरोध फक्त डॉक्टरांकडून येईल असं मला वाटत नाही.

माझे सासरे सोलापूरहून इथे आले असताना त्यांना रात्री दम लागला. इमर्जन्सीच्या खुर्चीत आम्ही पहाटेपर्यंत बसलो. चौथ्या तासाला त्यांनी मला हळूच विचारलं, "अगं, इथं कुणाला फोन लावायचा नसतो का?" नसतो, बाबा. हे चांगलंच आहे, पण त्या रात्री मला ते चांगलं वाटलं नव्हतं हेही खरं.

आता भावाच्या भीतीकडे येते, कारण ती सगळ्यात खरी आहे. आकडा आला की नोटीस येणार, नोटीस आली की निलंबन, आणि बळी जाणार तो रात्रपाळीचा निवासी डॉक्टर. इंग्लंडमध्ये हे घडून गेलं आहे. स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या अनास्थेवर २०१३ मध्ये आलेल्या चौकशी अहवालात चार तासांच्या दडपणाने कर्मचारी किती घाबरलेले असत ते वाचायला मिळतं. त्याच वर्षी तिथल्या दोन परिचारिकांची नोंदणी रद्द झाली, कारण त्यांनी पेशंट बाहेर पडल्याच्या वेळा खोट्या लिहिल्या होत्या. वर बसलेल्यांनी धाक घातला आणि खाली वेळा बदलल्या गेल्या. म्हणून चार तासांचं, सहा तासांचं, कसलंच बंधन महाराष्ट्राने आज घालू नये असं मला ठामपणे वाटतं. पाच वर्षं नुसतं मोजा आणि दर महिन्याला जिल्हावार छापा. त्या आकड्यावरून कुणाचीही पगारवाढ थांबवायची नाही, कुणालाही निलंबित करायचं नाही, हे आदेशातच लिहा. सरासरीच्या जोडीने सगळ्यात जास्त ताटकळलेल्या दर वीसांतल्या एकाचं काय झालं तेही छापा, कारण सरासरीच्या पोटात बरंच काही लपतं.

पण भावाच्या 'आधी खाटा द्या' वर मी त्याच्याशी भांडते. खाटा नाहीत हे सरकारला तो कशाने पटवून देणार? 'भरती करायचं ठरल्यापासून खाट मिळेपर्यंत' ही वेळ इंग्लंडमध्ये दारापासूनच्या वेळेच्या जागी वापरली, ती लबाडी होती. मात्र दारापासूनच्या वेळेच्या जोडीला ठेवली तर तीच कॅज्युअल्टीच्या डॉक्टरची साक्षीदार आहे. पाहायला वीस मिनिटं आणि खाटेला नऊ तास असं कागदावर आलं की दोष कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसतं. इथे तेच झालं. इमर्जन्सी तुंबते ती बहुतेक वेळा वरचे वॉर्ड भरलेले असतात म्हणून, आणि वॉर्ड भरलेले असतात कारण बरे झालेल्या म्हाताऱ्यांना घरी सांभाळायला व्यवस्था नसते. हे डॉक्टरांच्या भाषणांतून कुणी ऐकलं नव्हतं, आकड्यांतून ऐकावं लागलं. अजून सुटलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण निदान भांडण योग्य खात्याशी चालू आहे. आपल्याकडे नातेवाईक मारहाण करतात ती समोर दिसणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराला. आरोग्यसेवकांना मारहाण झाली तर शिक्षा करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे, त्याने हे थांबलेलं नाही.

हे सगळं मी भावाला परवा सांगितलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक आहे. केसपेपर काढायच्या रांगेत पेशंट अर्धा तास उभा असतो. तो अर्धा तास तू कुणाच्या खात्यात टाकणार?" इथेही आपल्या पायाने आलेल्या पेशंटची वेळ खिडकीवरच्या कारकुनाने किंवा तपासणाऱ्या परिचारिकेने नाव लिहून घेतल्यावरच लागते, त्याआधीची रांग कुणी धरत नाही. मी त्याला म्हटलं, रुग्णालयाच्याच खात्यात, आणि केसपेपर नंतर काढा, आधी दारात टोकन द्या. तो म्हणाला, "टोकन द्यायला माणूस?" त्यावर आमचं अजून चालू आहे.