माझी तीन मिनिटं

आज दुपारी मोबाईलवर एक फॉर्म आला. गेल्या आठवड्यात बेंगळूरला आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांची दोन दिवसांची परिषद झाली, तिचा अभिप्राय मागितलाय. हॉल कसा होता, जेवण कसं होतं, माइक नीट ऐकू येत होता का, राहण्याची सोय कशी होती. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चांदण्या. सगळ्यात शेवटी एक चौकोन: 'आपण काय शिकलात? ५० शब्दांत लिहा.'

चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. ५० शब्दांत बसत नाही म्हणून इथं लिहितोय. लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

मी गेली २३ वर्षं बेळगावच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, म्हणजे कानशीनं लोखंड घासून सपाट करायचं, मापाला आणायचं काम. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांच्या हातात पहिली कानस मीच दिलीय, त्यामुळं तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन महिन्यांपूर्वी परिषदेचं पत्र आलं. 'अध्यापनातील आपली वेगळी पद्धत मांडा, प्रत्येकी तीन मिनिटं.' नाव पाठवलं आणि निवडही झाली. घरी बायकोला सांगितलं, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालो तेव्हा पिशवीत दोन कपडे, एक बारा इंची कानस, काटकोन आणि सपाटी तपासायचा एक गुण्या आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा होता. पन्नास बाय पन्नास, दहा मिलिमीटर जाडीचा.

तो तुकडा कुणाचा, ते आधी सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी जांबोटीकडचा एक पोरगा आला. नाव देत नाही, त्याला अवघडल्यासारखं होईल. मराठी माध्यमातनं एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेला. कन्नड मोडकंतोडकं आणि इंग्रजी त्याहून कमी, पण काम करायला हटायचा नाही. फिटरच्या पोराला सुरुवातीचे कित्येक दिवस एकच काम असतं, कानस मारायची आणि सपाट करायचं. अकरा दिवस त्यानं एकच बाजू घासली आणि अकरा दिवस ती मधे फुगलेलीच राहिली. गुण्या लावून उजेडाकडं धरला की दोन्ही कडांखालनं उजेड दिसायचा. नवीन पोरांची कानस पुढं जाताना आधी वर आणि मग खाली डुलते, त्यानं असं होतं. मी पुस्तकातलं सगळं सांगितलं. सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मधे दोन्हीचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त. तुकडा पकडून ठेवायचा व्हाइस कोपराच्या उंचीला हवा म्हणून त्याच्या पायाखाली फळी दिली. हात धरून करवून घेतलं. काही उपयोग नाही. अकराव्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले होते आणि मी त्याच्यावर ओरडलो होतो. ते ओरडणं मला अजून आठवतं.

बाराव्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "सर, आई चटणी वाटते तसं करू काय?"

मी म्हटलं, कर की.

पाट्यावर वरवंटा चालवताना बाई नुसते हात हलवत नाही. सगळा भार कंबरेतनं येतो. पुढं जाताना दाब, मागं येताना हलकं. तो तसा उभा राहिला, एक पाय पुढं टाकला आणि कंबरेतनं वाकून कानस पुढं सारली. परत आणताना अलगद. परतताना दाबलं की कानशीचे दात बोथट होतात, हेही मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. ते आता न सांगता जमत होतं. संध्याकाळपर्यंत बाजू सपाट झाली. गुण्याखाली उजेड नाही.

तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी पहिल्या दिवशी विचारतो, घरी पाटा-वरवंटा कुणाकुणाच्या आहे? जी पोरं हात वर करतात ती इतरांना दाखवतात. अकरा दिवसांचं काम चार-पाच दिवसांवर आलं. हे मला तीन मिनिटांत सांगायचं होतं आणि करून दाखवायचं होतं.

आता परिषदेचं ऐका.

हॉटेलच्या दारात माझी कानस काढून घेतली. 'धारदार वस्तू आत चालत नाही.' त्या गार्डवर माझा राग नाही. बारा तास उभा राहणारा माणूस, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. पण ज्यांनी ही परिषद ठरवली, त्यांना एवढं सुचलं नाही? हातानं काम शिकवणाऱ्या तीनशे माणसांना बोलावलंत आणि त्या हॉलमध्ये एक व्हाइस नाही, एक वेल्डिंगचा सेट नाही, एक स्विचबोर्ड नाही. होते ते पडदे, फुलं आणि दोन मोठे स्क्रीन.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. मग दीप, मग म्हैसुरी पेटा, शाल आणि चंदनाचा हार, एकेका पाहुण्याला. मग भाषणं. स्किल, स्किल, स्किल. इंडस्ट्री ४.०. 'ट्रेनर हा राष्ट्राचा कणा.' बाराच्या सुमारास एक तरुण मुलगी माझ्या खुर्चीशी आली आणि हळूच म्हणाली, सर, वेळेअभावी शिक्षकांचं सत्र घेता येत नाहीये, तुमची पीपीटी आम्ही सर्टिफिकेटबरोबर अपलोड करू. माझ्याकडं पीपीटी नव्हतीच. माझ्याकडं तो तुकडा होता.

बारा शिक्षक होतो आम्ही, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे छत्तीस मिनिटं. हारांना किती वेळ गेला ते मी मोजलेलं नाही, पण छत्तीस मिनिटांपेक्षा नक्की जास्त गेला.

हो, एक गोष्ट चांगली होती, ती कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डिंगचा सिम्युलेटर दाखवला. रॉड वाया न घालवता पोराचा हात बसतो, ते खरंच उपयोगाचं आहे. आणि हेही कबूल करतो की जेवणानंतर आमच्यातलेच बरेच जण मॅजेस्टिकला खरेदीला गेले. पण का गेले? ज्याला कुणी काही विचारत नाही तो बसून काय करणार?

विश्वेश्वरय्यांचं नाव जवळजवळ प्रत्येक भाषणात आलं. यायलाच हवं, मोठा माणूस. पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, आपल्या बेळगावातलं तांत्रिक विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. पण मला सारखं वाटत होतं, आमच्या जिल्ह्यातल्या त्या मास्तरांचं नाव कुणीतरी घ्यावं. लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे आमच्यासारखेच शिक्षक. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला, आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आपण रोज किर्लोस्कर रोडवरनं जातो. ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसलं आणि हातांना करता आलं म्हणून ते झालं. व्यासपीठावरच्या एकालाही ते आठवू नये? (सीमाप्रश्नावर कुणी कमेंटमध्ये सुरू होऊ नका. हा विषय तो नाही.)

लिहिता लिहिता राग वाढतोय. चहा पिऊन आलो.

खरं सांगायचं तर परिषद झाली. जेवणाच्या टेबलावर झाली.

मी चिडून एका कोपऱ्यात बसलो होतो. शेजारी रायचूरकडच्या एक मॅडम, इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या. समोर चित्रदुर्गचे एक वेल्डिंगचे सर, माझ्यापेक्षा वयानं मोठे. माझं कन्नड बेळगावी, त्यांचं त्यांच्याकडचं, मधे मधे इंग्रजी. मी पिशवीतनं तुकडा काढून ताटाशेजारी ठेवला. मॅडमनी विचारलं, हे काय? मग मी चटणीची गोष्ट सांगितली. भाताच्या ताटापुढं उभा राहून दाखवली, बाजूच्या टेबलावरचे लोक बघत होते.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझंही ऐका. त्यांच्या वर्गात नियम आहे, ज्यानं फ्यूज काढला त्यानं तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. बोर्डावर नाही, टेबलावर नाही, खिशातच. काम संपून सगळे बाजूला झाले की त्यानंच तो परत बसवायचा. म्हणजे एकजण तारेला हात लावून उभा असताना दुसऱ्यानं चुकून सप्लाय चालू करायची भीती नाही. एकदा एक पोरगा फ्यूज खिशात घेऊनच घरी गेला, वर्कशॉप अंधारात. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्यावर चिडले. मॅडमनी मात्र त्याला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली. "विसरला, पण खिशातच विसरला," म्हणाल्या. हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग वेल्डिंगचे सर बोलले. ते पोरांना पहिल्या आठवड्यात रॉड देतच नाहीत. पाठ फिरवून उभं करतात आणि स्वतः आर्क मारतात, म्हणजे रॉडनं ठिणगी धरून वेल्डिंग करतात. पोरांनी फक्त ऐकायचं. रॉड बरोबर अंतरावर असला की उकळत्या तेलात मिरची भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. लांब गेला की फुरफुरतो, फार जवळ आला की चिकटतो आणि आवाज बसतो. कान तयार झाला की मगच हातात रॉड.

२३ वर्षांत मी वेल्डिंगच्या शेडशेजारी शिकवतोय, आणि हे मला माहीत नव्हतं. आल्या आल्या आमच्या वेल्डिंगच्या सरांना सांगितलं. त्यांनी काल करून बघितलं.

असं त्या टेबलावर पाऊण तास चाललं. आठ-नऊ जण जमले होते. कुणी डायरी काढली, कुणी मोबाईलवर रेकॉर्ड करत होतं. मग दुपारच्या सत्राची घंटा झाली आणि आम्हाला आत बोलावलं, 'ट्रेनर सक्षमीकरण' ऐकायला.

देशात ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालापासून चालू आहे. इतक्या वर्षांत किती मास्तर होऊन गेले. त्यांच्या हातातल्या अशा युक्त्या त्यांच्याबरोबरच गेल्या. पुस्तकात त्या नाहीत. परीक्षेत त्या येत नाहीत. आम्हाला शिक्षक म्हणून तयार करणारा एक वर्षाचा कोर्स मीही केलाय, चांगला आहे, पण चटणीचं त्यात नव्हतं. ते एका मास्तरानं दुसऱ्याला सांगितलं तरच पुढं जातं. त्यासाठीच भेटायचं असतं ना?

आणि एक गोष्ट फार लागली, ती पण लिहितो. एक वक्ते म्हणाले, 'ज्या मुलांना दुसरीकडं कुठं प्रवेश मिळत नाही ती तुमच्याकडं येतात, त्यांना घडवणं हे तुमचं मोठेपण.' टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या पोरांबद्दल असं बोलायचं नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीनशॉप कुणाच्या हातावर चालतात? हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, तिथं मापाला उभं कोण असतं? ती नाइलाजानं आलेली असतील किंवा नसतील. पण अकरा दिवस तळहाताला फोड येईपर्यंत एक बाजू घासणारं पोरगं कुणापेक्षा कमी नाही.

तो जांबोटीचा पोरगा आज मच्छेत एका कारखान्यात टूलरूमला आहे. गेल्या दिवाळीत कुंद्याचा डबा घेऊन घरी आला होता, सोबत आई. मी त्या माउलीला सगळी हकीकत सांगितली, की तुमच्या चटणीवर मी दरवर्षी पोरं शिकवतो. तिला आधी खरंच वाटेना. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "चटणी वाटायला काय शिकवायला लागतंय काय सर?" जाताना मात्र दारात थांबली आणि पोराला म्हणाली, "बघ, सरांनी आपल्या पाट्याचं नाव घेतलं."

तिचं नाव मला त्या हॉलमध्ये घ्यायचं होतं. तीनशे माणसांपुढं. तेवढ्यासाठी मी रात्रभराचा प्रवास करून गेलो होतो. हे त्या फॉर्मच्या कुठल्या चांदणीत लिहू?

परतताना गार्डनं कानस परत दिली. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून नीट ठेवली होती. त्याला नमस्कार केला.

तर आता जे ठरवलंय ते सांगतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वर्कशॉपमध्ये सकाळी दहाला जमायचं. प्राचार्यांची परवानगी घेतलीय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक, जवळपासच्या कुठल्याही आयटीआयचे, कुठल्याही ट्रेडचे, सरकारी असो की खाजगी, मराठी असो की कन्नड. शिवणकामाच्या मॅडमना तर मुद्दाम सांगा, त्या नेहमी मागं राहतात. प्रत्येकानं आपली एकच युक्ती आणायची आणि ती करून दाखवायची. दीप नाही, हार नाही. उद्यमबागेतल्या जुन्या मोल्डर मंडळींपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही घेऊन या, साच्याची माती मुठीत दाबून ओल कशी ओळखायची ते त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

रायचूरच्या मॅडमना आज फोन केला. यायचं म्हणाल्या. एवढ्या लांबनं येणार, आदल्या रात्री राहायची सोय लागेल. वडगाव-शहापूर भागात कुणाच्या घरी जागा असेल तर मला इनबॉक्स करा.

आणि खानापूरकडनं येणाऱ्यांपैकी कुणाच्या गाडीत जागा असेल तर तेही सांगा. जांबोटीहून एक पाटा आणि वरवंटा आणायचाय. जड आहे, बसमधनं येणार नाही. त्या माउलीनं द्यायला हो म्हटलंय. तिलाही घेऊन यायचंय.