केएमटीचं ॲप नंतर, आधी थांब्यांची यादी नीट करा

केएमटी म्हणजे कोल्हापूर महापालिकेची सिटी बस. तिची माहिती म्हटलं की चर्चा थेट ॲपवर जाते. पण ॲप दाखवणार काय? आत भरलेली यादीच ना!

रस्त्याच्या दोन बाजूंचे थांबे हे दोन वेगळे थांबे. क्रमांक वेगळा, अक्षांश-रेखांश वेगळे. दोन्ही एकाच नावाखाली घातले की नकाशा माणसाला भलत्या बाजूला उभं करतो. नाव कंडक्टर पुकारतो तेच हवं. महापालिकेच्या ठरावातलं लांबलचक नाव खाली बारीक अक्षरात चालेल.

वेळापत्रकात खरी गोम मधल्या थांब्यांची. गाडी शिवाजी चौकातून कधी सुटते हे वाचून सायबर चौकात उभ्या माणसाला काय कळणार? मधल्या वेळा किलोमीटरच्या हिशेबानं सारख्या वाटून टाकल्या तर गर्दीच्या पेठांत गाडी मागं पडते आणि मोकळ्या रस्त्याला वेळेआधी पोचते. वेळेआधी सुटलेली गाडी उशिराच्या गाडीपेक्षा वाईट, कारण वेळेवर आलेल्यालाही ती मिळत नाही. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगळी मोजणी करा, मार्गावर तीन-चार वेळथांबे ठरवा आणि लवकर आलेली गाडी तिथं थांबवा. दर दहा मिनिटांच्या आत गाडी असेल तर मात्र नुसतं 'दर 8-10 मिनिटांनी' पुरे.

हे सगळं जीटीएफएसमध्ये, म्हणजे बसची माहिती ॲपला आणि नकाशांना पुरवायच्या ठरलेल्या नमुन्यात, बसतं. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा अशा साध्या मजकुराच्या फायली असतात, एक्सेलमध्येही तयार होतात. नवरात्रात अंबाबाई मंदिराभोवतीची वाहतूक वळवली की त्या तारखांच्या फेऱ्या वेगळ्या भरता येतात.

आता थांब्यावरची स्क्रीन. डेपोत गाडी बंद पडली आणि नियंत्रकानं फेरी रद्द केली नाही, तर काही यंत्रणा छापील वेळेवरूनच मिनिटं मोजत राहतात. पाच, तीन, एक... आणि ओळ गायब! तोवर शेजारचा वडापमध्ये, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाडीत, बसून गेलेला असतो. जीपीएसची वेळ आणि कागदावरची वेळ स्क्रीनवर वेगळ्या खुणेनं दिसलीच पाहिजे. आणि 16 ठिपके उंचीच्या एलईडी पाटीवर 'विद्यापीठ'मधल्या 'द्या'चा चिखल होतो. वेलांटी-उकार उंची खातात, मधलं अक्षर बारीक उरतं. टेंडरआधी हाच शब्द लावून रस्त्यापलीकडून वाचून बघा.

कागदी तक्ता लावताना लॅमिनेशनला कडेनं बोटभर प्लॅस्टिक सोडा, अगदी कागदालगत कापलं तर आपल्या पावसात पाणी आत शिरतं. कोपऱ्यात थांबा क्रमांक आणि 'या तारखेपासून लागू' छापा. तारीख नसेल तर जुना तक्ता काढायचा राहिलाय हे कुणालाच कळत नाही.