पहाटे वर आलेला मासा भुकेला नसतो

महिनाभर ‘शेततळ्यातल्या माशांचं गुपित’ नावाचा एक लांबलचक मेसेज आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो चार-पाच वेळा आला आणि मी न वाचता पुढे गेलो. मग तोच दाजींच्या तोंडून ऐकला. तेव्हा त्यांच्या शेततळ्यात कटला पोट वर करून तरंगत होता.

मेसेज सांगतो ते असं. अमेरिकेत बास मासा धरणारे लोक पाण्याचे थर बघून गळ टाकतात. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, खालचं गार. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून मोठा मासा तळाला बसतो. जायकवाडीतही हेच चालतं. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ते भुकेले आहेत, खाद्य दुप्पट करा. आणि पहिल्या पावसानंतर मासे मेले तर कुणीतरी विष टाकलंय असं समजा.

थर असतात, एवढं मान्य. वैशाखात विहिरीत उडी मारलेल्या पोरालाही ते माहीत असतं: छातीला पाणी कोमट आणि पायाला गार. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो हेही खरं. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. कणगी मोठी आहे म्हणून ती ज्वारीने भरलेलीच असेल असं नाही. तळ्यात ऑक्सिजन येतो तो वरून, हवेतून आणि उजेडात वाढणाऱ्या शेवाळातून. वरचं पाणी खाली मिसळलं नाही तर तळाला नवा ऑक्सिजन पोचतच नाही, आणि तिथे कुजणारं खाद्य, शेण, विष्ठा होता तोही खाऊन टाकतात.

हे शंभर वर्षांपूर्वीच मोजून झालंय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तळ्यांमधून बर्ज आणि जुडे या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या खोलीचं पाणी काढून त्यातला ऑक्सिजन तपासला आणि १९११ साली ते छापलं. उन्हाळ्यात कितीतरी तळ्यांच्या खालच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ संपतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे मेसेज ज्या अमेरिकेचा दाखला देतो, तिथलीच मोजमापं त्याच्या विरोधात आहेत. शिवाय बास हा गार पाण्याचा मासा नाहीच. लार्जमाउथ बासला २७ ते ३० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. गारवा हवा असतो तो ट्राउटला. तिथले जाणकार थर कुठे बदलतो ते बघतात, कारण त्याच्या खाली श्वास घेण्याजोगं पाणी नसेल तर गळ टाकून उपयोग नाही.

जायकवाडीचं थोडक्यात सांगतो. नाथसागराची, म्हणजे त्याच्या जलाशयाची, क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागून बघा, सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. एवढ्या पसरट, उघड्या पाण्यावर वारा सुटला की थर मोडायला वेळ लागत नाही. आपल्या शेततळ्याचं मात्र वेगळं आहे. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल, चारी बाजूंनी उंच बांध, त्यामुळे वारा आत उतरत नाही. त्यात तापलेल्या पाण्याचा थर जास्त चिवट असतो, कारण हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली राहतं, आणि गरम पाण्यात एका अंशानेही वजनात मोठा फरक पडतो. २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात वजनाचा जो फरक असतो, तो ४ आणि ५ अंशांच्या पाण्यातल्या फरकाच्या तिसाहून जास्त पट भरतो.

आता त्या खाद्याच्या सल्ल्याकडे येतो, कारण खरं नुकसान त्याने केलंय. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. त्या वेळी कटला पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातून तोंड उघडून श्वास ओढत असतो. काठावर उभं राहिलं तर चप् चप् असा बारीक आवाज येतो. दाजींनी तो आवाज ऐकला आणि मेसेजप्रमाणे चार दिवस दुप्पट खाद्य टाकलं. दम लागलेल्या माशाने ते खाल्लं नाही. ते तळाला जाऊन कुजलं आणि उरलासुरला ऑक्सिजनही गेला. आमच्याकडचे एक म्हातारे भोई ते बघून एवढंच म्हणाले, “त्याला दम लागलाय, आन् तुमी त्याला जेवायला वाढताय.” मी दगड बांधलेली बाटली तळाला सोडून पाणी काढलं. बूच उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला.

मासे असे वर आले तर खाद्य बंद, शेण बंद आणि मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पडू द्यायचं. लाईट नसेल तर इंजिन लावा, पण सूर्य वर येईपर्यंत ते चालू ठेवा.

आणि विषाचं. विष टाकण्याचे प्रकार होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण पाचव्या दिवशी संध्याकाळी वादळी पाऊस झाला. वरून गार पाणी पडलं, वारा सुटला, थर मोडला आणि तळाचं ते नासकं पाणी सगळीकडे मिसळलं. मासे पहाटे मेले, मोठे आधी मेले, आणि त्याच तळ्यातली मरळ जिवंत राहिली. मरळ वर येऊन थेट हवा घेते, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनवाचून चालतं. विष असतं तर तिला कोण सोडणार होतं?

दाजींनी मात्र मेसेजचं शेवटचं वाक्य धरून चुलत भावावर संशय घेतला. बांधाचा जुना वाद होताच. पोलीस ठाण्याच्या दारातून मी त्यांना परत आणलं. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. हे लिहून झालं की कुठल्याही ग्रुपवर टाकण्याआधी मी त्या दोघांना पाठवणार आहे.