चिमण्या टॉवरमुळे गेल्या, हे खरं नाही

‘मोबाईल टॉवरच्या रेडिएशनने नाशिकच्या चिमण्या मारल्या; टॉवर हटवा, चिमण्या परत येतील.’ दर मार्चमध्ये चिमणी दिन आला की हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्यामागची कळकळ खरी आहे, निदान मात्र चुकलंय.

भारतात मोबाईल आला १९९५ साली. ब्रिटनमधल्या चिमण्या १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनच घटू लागल्या होत्या, तेव्हा तिथे तरी टॉवर कुठे होते? २०२०च्या देशव्यापी पक्षी अहवालानुसार भारतात चिमण्यांची संख्या एकंदरीत स्थिर आहे; घट आहे ती मोठ्या महानगरांत. टॉवर तर खेडोपाडी पोचलेत.

पुरावा म्हणून बेल्जियमचा २००७चा अभ्यास दाखवतात. टॉवरच्या लहरी तीव्र तिथे चिमणे (नर) कमी दिसले, हे त्यात आहेच. पण त्या लहरींमुळेच ते कमी झाले, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग गेल्या कुठे? जुन्या नाशकातला एखादा वाडा आठवा. कौलांखाली वाशांच्या सांध्यात एक घरटं, तसबिरीमागे दुसरं, अंगणात सुपातून पाखडलेलं धान्य. आज तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत आणि चिमणी शिरेल एवढी फट कुठेच नाही. त्याहून वाईट हाल पिल्लांचे. मोठी चिमणी दाण्यांवर जगते, पण पिल्लाला सुरुवातीला अळ्या-किडेच लागतात. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कुंपणाला शोभेची झाडं लावली, वर औषध फवारलं, तर अळी येणार कुठून? गॅलरीत तांदूळ ठेवून पिल्लं जगत नाहीत.

टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू फोडत नाहीत. तरी सावध राहावंच. २०१४ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या संशोधकांना आढळलं की शहरी विद्युतचुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्ष्यांना दिशा कळेनाशी होते. पण तो गोंगाट एएम रेडिओच्या आसपासच्या पट्ट्यातला होता, मोबाईलच्या नव्हे. माणसांसाठी टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ती पाळली जाते का, याची तपासणी जरूर मागा.

पक्ष्यांचा जीव डोळ्यांदेखत घेणारी गोष्ट वेगळीच आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला पंख कापलेले पक्षी झाडांवर लटकलेले दिसतातच. टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांनी आपल्या गल्लीत मांजा विकणाऱ्याची तक्रारही पोलिसांत द्यावी, आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कुंपणालगतची फवारणी थांबवायचा ठराव मांडावा.