बेबी कालव्याचं पाणी आणि बर्लिनची माती

पुण्याचं सांडपाणी शुद्ध करायचं, मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, बेबी कालव्यात सोडायचं आणि वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं. त्या बदल्यात धरणाचं पाणी शहराने घ्यायचं. ही योजना जुनी झाली, तिच्यावरचं भांडण मात्र दर उन्हाळ्यात नव्याने पेटतं. पुण्यातले मित्र म्हणतात, सिंगापूरवाले सांडपाणी शुद्ध करून पितात, मग उसाला दिलं तर बिघडलं कुठे? यवतहून माझा शेतकरी दादा म्हणतो, शहराची घाण आम्ही का म्हणून घ्यायची? मी मूळचा दौंड तालुक्यातला, राहतो बर्लिनमध्ये, त्यामुळे दोन्हीकडून मला एकच प्रश्न येतो: तिकडे काय करतात?

सिंगापूरचं आधी संपवतो. तिथे २००३ पासून मिळणारं ‘न्यूवॉटर’ हे शुद्ध केलेलं सांडपाणी पुन्हा बारीक पडद्यांतून, मग आरओमधून आणि शेवटी अतिनील किरणांखालून काढलेलं असतं. त्यातलं बरंचसं कारखान्यांना जातं. कालव्यात फेस घेऊन येणाऱ्या पाण्याशी त्याची तुलना करणं शेतकऱ्यावर अन्यायाचं आहे.

बर्लिनची गोष्ट मात्र आपल्या फार जवळची आहे. १८७०च्या दशकात जेम्स होब्रेख्त या अभियंत्याने शहराचे बारा विभाग पाडले, प्रत्येकाला पंपघर दिलं आणि सगळा मैला शहराबाहेरच्या रेताड रानात नेला. महापालिकेने त्यासाठी जमिनी विकत घेतल्या, बांध घातले, वाफे पाडले, पाणी पाळीने फिरवलं. ज्या वाळूत धड गवत उगवत नव्हतं तिथे भाजीपाला जोमाने आला आणि शहराच्या बाजारात विकला गेला. त्या काळात ही अभिमानाची गोष्ट होती आणि ती रास्तच होती. पण शहर वाढलं, कारखाने वाढले आणि त्यांचं पाणीही त्याच नळातून शेतात येऊ लागलं. कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत राहिलं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शेतं बंद झाली.

बर्लिनच्या उत्तरेला होब्रेख्त्सफेल्डं म्हणून गाव आहे, त्याच अभियंत्याच्या नावाचं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे चालायला जातो. जुन्या वाफ्यांचे बांध अजून ओळखू येतात. त्यांच्यावरून अर्धजंगली घोडे आणि लांब केसांची गुरं चरत हिंडतात. शेती नाही. आधी तिथे जंगल लावायचा प्रयत्न झाला, पुष्कळ झाडं वाळून गेली. मग मातीतले धातू जागच्या जागी धरून राहावेत म्हणून बाहेरून चिकणमाती आणून मिसळावी लागली. त्या बांधावर उभं राहिलं की मला आमची मळई आठवते आणि पोटात गोळा येतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात प्लेटिंगची, रंगाची, धातूकामाची असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. त्यांच्या पाण्याचा थेंबही घरगुती मैल्यात मिसळत नाही, अशी हमी आज दादाला कोण देणार?

म्हणून मित्रांनो, या भांडणात मी दादाच्या बाजूने आहे. पण ‘घाण नको’ एवढ्यावर थांबायला मी तयार नाही, कारण त्या घाणीत त्याचंच धन वाहून चाललंय.

माणसाच्या शरीरातून रोज एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. एकच ग्रॅम धरा. दहा लाख वस्तीमागे वर्षाला ३६५ टन झाला. डीएपी या रासायनिक खतात फॉस्फरस साधारण वीस टक्के असतो. म्हणजे पन्नास किलोच्या ३६ हजारांहून जास्त गोण्यांत असतो तेवढा. अर्थात सगळा हाती लागत नाही, पण पुणे-पिंपरीची वस्ती दहा लाखांच्या कितीतरी पट आहे. आणि हाच फॉस्फरस आज काय करतो? मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत जातो आणि जलपर्णी पोसतो. ती काढायला दरवर्षी निविदा निघतात. उजनीचं पाणी हिरवं होतं आणि तेच सोलापूरला प्यायला जातं. इकडे दादा डीएपीच्या एका गोणीसाठी कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभा. ज्यापासून हे खत बनतं तो फॉस्फेटचा दगड आपण बहुतांश बाहेरून आणतो आणि जगातला सुमारे सत्तर टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे.

बर्लिनच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून वासमान्सडोर्फचं शुद्धीकरण केंद्र आहे. तिथल्या गाळाच्या पाइपांत दगडासारखे खडे धरायचे आणि पाइप तुंबायचे. तो खडा म्हणजे स्ट्रुव्हाइट: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. मग त्यांनी पाइपात धरण्याआधीच तो मुद्दाम धरवायचं ठरवलं. गाळात हवा सोडायची, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू (पीएच) वाढतो, वरून मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं; खडे तळाशी बसतात. ते धुऊन ‘बर्लिनर फ्लान्त्सं’ नावाने खत म्हणून विकतात. मी माझ्या मिरच्यांना घालतो. भरड रव्यासारखे मळकट दाणे, मैल्याचा वास नाही, पाण्यात लवकर विरघळत नाहीत, मुळं हळूहळू उचलतात. महत्त्वाचं म्हणजे या स्फटिकात जड धातू फारसे शिरत नाहीत. जर्मनीने २०१७ साली नियमच केला: २०२९ पासून मोठ्या केंद्रांनी गाळातून किंवा त्याच्या राखेतून फॉस्फरस परत मिळवायचा आणि गाळ तसाच शेतात टाकायचा नाही. मागच्या पिढ्यांची माती त्यांना दिसते आहे, म्हणून एवढी खबरदारी.

आपल्याकडेही सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, होतंच. ते कुणाच्या डोक्यावरून वाहिलं जायचं आणि आजही चेंबरमध्ये उतरून कोण गुदमरून मरतं, हे विसरून त्याचे गोडवे मी गाणार नाही. मैल्यातून मोल काढायचं तर यंत्राने, माणसाला आत न उतरवता.

पुण्यात २०१६ साली जायका या जपानी संस्थेच्या कर्जाचा करार झाला, त्यात ११ शुद्धीकरण केंद्रं आणि ३९६ एमएलडी (रोज इतके दशलक्ष लिटर) क्षमता ठरली. तेव्हापासून चर्चा एमएलडीचीच: किती झाली, किती रखडली. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं गिऱ्हाईक कोण, हे कुणी विचारत नाही. नागपूरकडे बघा. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, कारण ते चालवणाऱ्या महाजनको या सरकारी वीज कंपनीला ते लागतं. पाणी वाईट आलं तर यंत्रं खराब होतील, म्हणून घेणारा तपासून घेतो आणि पैसेही मोजतो. दौंडच्या शेतकऱ्याला असा तपासायचा, नाकारायचा हक्कच नाही. त्याच्या पाटात येईल ते पाणी.

तो हक्क करारात लिहून मिळाला पाहिजे. कालव्याच्या तोंडाशी क्रोमियम, निकेल, कॅडमियमची दरमहा तपासणी, तीही पाणी सोडणाऱ्याकडून नव्हे. अहवाल मराठीत, गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर. मर्यादा ओलांडली की त्या आवर्तनात धरणाचं पाणी. आणि प्रत्येक नव्या केंद्राच्या निविदेत फॉस्फरस काढण्याची अट, त्यातून निघणाऱ्या खतावर पहिला हक्क कालव्याखालच्या गावांचा. यवतची ग्रामसभा असा ठराव घेणार असेल, तर त्याचा मसुदा मी इथून लिहून पाठवतो.